दख्खनचा लांडगा व जातिनिर्मितीचा प्रश्न

महाराष्ट्राच्या पठारी भागातील लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी तो स्वतंत्र जाती मानला गेला. पुढे शंभर वर्षांनी त्याला उपजातीचे दुय्यम स्थान देण्यात आले. आणि एकविसाव्या शतकात त्याच्या आनुवंशिक द्रव्याचे परीक्षण झाल्यावर तो स्वतंत्र जाती असावा की काय, हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. प्राणी तोच राहिला. जाती कशाने होते यासंबंधीच्या कल्पना मात्र बदलत गेल्या. वन्य प्राण्यांच्या समूहांना आनुवंशिकता व परिस्थिती या दोहोंनी मिळून आकार कसा येतो, हे समजून घेण्यास या लांडग्याचा इतिहास विशेष उपयोगी आहे. [→ क्रमविकास].

या लांडग्याची मायभूमी म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात या प्रदेशाचे स्वरूप एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुक्यात कळसूबाई (१,६४६ मी.), रतनगड, हरिश्चंद्रगड ही शिखरे असून त्या भागात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून सु. ८० किमी. पूर्वेस, गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या शिर्डीच्या (ता. राहाता) परिसरात तो सु. ५०० मिमी.वर येतो, आणि तोही दरवर्षी पडेलच असे नाही. अशा हवामानात दाट अरण्य वाढत नाही. नद्यांच्या काठी काळी कसदार जमीन व त्यांच्या मधल्या उंचवट्यांवर मुरमाड माळ, अशी येथील भूरचना आहे. माळावर कुसळी, पवन्या, शेडा यांसारखी गवते आणि विरळ बाभूळ, हिवर, बोर, तरवड ही मूळची वनश्री होय. काळवीट, चिंकारा, ससा, माळढोक, खोकड व लांडगा हे या माळांचे खास प्राणी. ज्याला सरकारी दप्तरात दीर्घकाळ ‘पडीक’ म्हटले गेले, त्या जमिनीचे हे खरे वैभव होते.

लांडग्याचे पहिले वर्णन करणारे विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे मुंबई लष्करातील अधिकारी होते. खडकीच्या लढाईत त्यांनी भाग घेतला होता. पेशवाई बुडाल्यानंतर नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची पाहणी करण्यासाठी मुंबईचे गव्हर्नर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये त्यांची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या पाहणीचे क्षेत्र होते. शेतसारा, लोकसंख्या, पिके, हवामान यांबरोबरच साइक्स यांनी पक्षी, मासे आणि सस्तन प्राणी यांचीही नोंद केली. ते पद १८२९ मध्ये रद्द झाल्यावरही त्यांनी हे काम १८३१ पर्यंत चालू ठेवले. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. तीत लांडग्याला त्यांनी कॅनिस पॅलिपीस असे नाव दिले. पॅलिपीस म्हणजे फिकट पायांचा. कोळसुंद्याला (रानकुत्र्याला) त्यांनी कॅनिस दुखुनेन्सिस म्हटले, तर खोकडाला कॅनिस कोकरी. या नावांत दख्खन हा प्रदेश आणि मराठी बोलीतील शब्द दोन्ही आलेले आहेत. मोजमापांच्या जोडीला शिकारी, धनगर व गावकरी यांच्याकडून मिळालेली माहिती साइक्स यांच्या कामामागे होती, हे त्यावरून उघड होते. त्यांपैकी कोणाचेही नाव मात्र शास्त्राच्या इतिहासात उरले नाही.

साइक्स यांच्या काळी जाती ही अचल वस्तू मानली जात असे. रंग, आकार, कवटी यांत पुरेसा फरक दिसला की नवी जाती ठरे. चार्ल्स डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही कल्पना ढासळली. एका जातीतील व्यक्तिव्यक्तींमध्ये असणारे लहान फरक हेच नव्या जातीचे बीज होय, असे डार्विन यांनी दाखविले. परंतु हे फरक पुढच्या पिढीत कसे उतरतात हे त्यांना सांगता आले नाही. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष १९०० पर्यंत दुर्लक्षित राहिले. नंतर आर. ए. फिशर, जे. बी. एस. हाल्डेन व स्यूअल राइट यांनी मेंडेल यांच्या नियमांची नैसर्गिक निवडीशी गणिती सांगड घातली. यांपैकी हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले. थीओडोशस डॉबझॅन्स्की (१९३७) व एर्न्स्ट मायर (१९४२) यांच्या ग्रंथांनी हा विचार वन्य समूहांना लागू केला. ज्या समूहांतील व्यक्तींचा परस्परांशी निसर्गतः संकर होतो आणि इतर समूहांशी होत नाही, अशा समूहांची मिळून एक जाती, ही मायर यांची व्याख्या आजही बहुतेकांना मान्य आहे. ती वापरताना येणाऱ्या अडचणी मात्र लांडग्याच्या बाबतीत ठळकपणे दिसतात, कारण लांडगा, कोल्हा व पाळीव कुत्रा यांचा परस्परांशी संकर होऊ शकतो.

भारतातील संग्राहकांनी दरम्यानच्या काळात पुष्कळ सामग्री जमा केली. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८८८ मध्ये ब्रिटिश भारतातील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथाच्या पहिल्या भागात दख्खनच्या लांडग्याला स्वतंत्र जातीचाच मान दिला. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्याचा पहिला अहवाल खानदेशाचा होता. या व अन्य संग्रहांतील कातडी व कवट्या लंडनच्या संग्रहालयात एकत्र आल्यावर आर. आय. पोकॉक यांनी १९३५ मध्ये जगातील लांडग्यांची तुलना केली. यूरोपातील लांडग्यापासून दख्खनच्या लांडग्यापर्यंत आकार व रंग क्रमाक्रमाने बदलत जातात, मध्ये तुटक रेषा दिसत नाही, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी हे सर्व एकाच कॅनिस ल्यूपस या जातीत घातले आणि पॅलिपीस ही तिची उपजाती ठरविली. या उपजातीत त्यांनी पश्चिम आशियातील लांडगेही समाविष्ट केले. कवटी व कातडी एवढाच पुरावा हाती असताना हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि दोन प्राणी सारखे दिसतात याची कारणे दोन असू शकतात : ते नजीकच्या काळात एकाच पूर्वजापासून आलेले असतील, किंवा सारख्या हवामानाने त्यांना सारखे घडविले असेल. हा भेद कवटी सांगत नाही.

परिस्थितीने दख्खनच्या लांडग्याला कसे घडविले, हे त्याच्या शरीरावरून व सवयींवरून कळते. उत्तरेकडील लांडग्याचे वजन ४० किग्रॅ.हून अधिक भरते. दख्खनच्या लांडग्याचे सामान्यतः १८ ते २७ किग्रॅ. असते. उष्ण प्रदेशात लहान शरीर लाभदायक ठरते, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त असून शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडते. त्याची लव आखूड असून थंड प्रदेशातील लांडग्याला असतो तसा दाट अंतर्लोमांचा थर तिच्याखाली नसतो. वाळलेल्या गवताशी मिळून जाणारा करडा-तांबूस रंग त्याला उघड्या माळावर दडण्यास उपयोगी पडतो. कळप लहान, बहुधा सहा-आठ जणांचा. गव्यासारखे मोठे भक्ष्य मारावयाचे नसल्याने मोठ्या कळपाची गरज नाही. उत्तरेत लांडग्यांचा समागमकाल हिवाळ्याच्या अखेरीस येतो. येथे तो ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. गर्भावधी सु. दोन महिन्यांचा असल्यामुळे पिले हिवाळ्यात जन्मतात आणि कडक उन्हाळा व त्यामागून येणारा पावसाळा यांना तोंड देण्यापूर्वी त्यांच्या अंगी बळ येते. नान्नज (जि. सोलापूर) येथील माळढोक अभयारण्यात सतीश कुमार व असद रहमानी यांनी, आणि पुढे बिलाल हबीब यांनी या लांडग्याचा दीर्घ अभ्यास केला. काळविटे विरळ झालेल्या माळांवर तो मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर जगतो, असे या अभ्यासांतून दिसते. मेंढपाळ रात्री कळपाभोवती वाघर (जाळीचे कुंपण) लावतात ते त्यासाठीच. लांडगा आणि धनगर यांचे वैर जुने आहे. पण माळ टिकण्यात दोघांचे हित एकच आहे, ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते.

या गुणांपैकी कोणते जीनांत मुरलेले व कोणते केवळ सवयीचे, हे ओळखणे सोपे नाही. याच जिल्ह्यातील बिबट्याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांमुळे शिर्डी, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यात ऊस पसरला. लोणी येथे १९५० मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. बारा महिने उभ्या असलेल्या उसाने बिबट्याला आडोसा मिळाला. अकोले परिसरात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठे वन्य भक्ष्य जवळजवळ नसलेल्या या शेतीच्या मुलखात दर १०० चौ. किमी.मध्ये सु. ५ प्रौढ बिबटे आढळले. कुत्री हे त्यांचे एक प्रमुख भक्ष्य होते. बिबट्याच्या या पालटासाठी नव्या जीनांची गरज पडली नाही. त्याच्या अंगची मूळची लवचिकता पुरली. लांडगा हा उलट उघड्या माळाला बांधलेला प्राणी आहे. उसाच्या कडेने तो क्वचित वावरतो, पण ऊस हे त्याचे घर होऊ शकत नाही. एकच कालवा एका मांसभक्षकास वर देतो आणि दुसऱ्यास मागे रेटतो, तो असा.

लांडग्याच्या वंशाविषयी निर्णायक पुरावा रेणवीय आनुवंशिकीने पुरविला. पेशीतील कलकणूंचा डीएनए केवळ मातेकडून पुढच्या पिढीस मिळतो व त्यात उत्परिवर्तने ठरावीक गतीने साचतात. त्यामुळे दोन वंश केव्हा विभक्त झाले याचा अंदाज बांधता येतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी. के. शर्मा, यादवेंद्रदेव झाला व सहकाऱ्यांच्या संशोधनात असे आढळले की, भारतीय द्वीपकल्पातील लांडग्यांचा मातृवंश इतर लांडग्यांपासून सु. ४ लक्ष वर्षांपूर्वी अलग झाला असावा. हिमालयी लांडग्यांचा वंश त्याहूनही जुना, सु. ८ लक्ष वर्षांचा निघाला. हे दोन्ही मातृवंश पाळीव कुत्र्यांत सापडले नाहीत. कुत्र्याचा पूर्वज भारतात शोधणाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली असेल. परंतु या लांडग्याचे वेगळेपण त्याने अधिकच स्पष्ट झाले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील रमेश अगरवाल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये द्वीपकल्पीय लांडग्याला कॅनिस इंडिका ही स्वतंत्र जाती मानावे, असे सुचविले.

या निष्कर्षावर एक योग्य आक्षेप होता. मातृवंश ही संपूर्ण वंशावळीतील केवळ एक शाखा होय. लांडगा दूरवर भटकणारा प्राणी असल्याने नरांद्वारे अन्य प्रदेशांतील जीन मिसळत राहिले असण्याचा संभव होता. म्हणून पेशीकेंद्रातील सर्व आनुवंशिक द्रव्य, म्हणजे पूर्ण जीनोम वाचणे आवश्यक झाले. लॉरेन हेनेली, बिलाल हबीब व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे कार्य प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीचे मर्म असे : प्रत्येक पिढीत आईबापांची गुणसूत्रे परस्परांत तुकडे बदलतात, यास पुनःसंयोग म्हणतात. ज्या भागांत पुनःसंयोग वारंवार होतो त्यांत बाहेरून आलेले जीन सहज मिसळून राहतात आणि मूळ वंशावळ झाकली जाते. ज्या भागांत तो क्वचित होतो तेथे परके तुकडे नैसर्गिक निवडीने बहुधा गाळले जातात व जुना इतिहास शाबूत राहतो. या शांत भागांचे वाचन केले असता तिबेटी व भारतीय लांडगे हे जगातील आज हयात असलेल्या लांडग्यांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी असल्याचे दिसून आले. विभक्त होण्याच्या काळाचे अंदाज अभ्यासागणिक भिन्न आहेत, परंतु तो काळ लाखो वर्षांत मोजावा लागतो याविषयी दुमत नाही. पश्चिम आशियातील ज्या लांडग्यांना पोकॉक यांनी पॅलिपीसमध्ये घातले होते, त्यांचा वंश निराळा निघाला. उष्ण, कोरड्या प्रदेशांनी दोन वेगळ्या वंशांना एकसारखे रूप दिले होते.

याचा अर्थ दख्खनचा लांडगा ही पूर्णत्वास गेलेली स्वतंत्र जाती आहे, असा लगेच होत नाही. जातिनिर्मिती ही एका दिवसाची घटना नसून दीर्घ प्रक्रिया आहे, आणि काही समूह तिच्या मध्यावर असतात. प्रथम पर्वत, वाळवंट वा समुद्र यांनी समूह विभागला जातो. मग दोन्ही बाजूंस वेगवेगळी उत्परिवर्तने साचतात. परिस्थिती त्यांतील सोयीची निवडते. समूह लहान असेल तर केवळ योगायोगानेही काही जीन टिकतात व काही नाहीसे होतात. आणि अखेर दोन्ही समूह पुन्हा भेटले तरी त्यांचा संकर होत नाही किंवा संकरज टिकत नाहीत. लांडग्याच्या बाबतीत शेवटची पायरी आलेली नाही.

ती पायरी ओलांडलेल्या प्राण्याचे उदाहरण त्याच माळावर सापडते. गळ्याचा रंगीत पडदा पंख्यासारखा उघडून माद्यांना आकर्षित करणारे लहान सरडे पूर्वी सिताना या प्रजातीतील मोजक्या जातींत मोडले जात. दीपक वीरप्पन, वरद गिरी व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएचे, अस्थींचे व बाह्यरूपाचे परीक्षण करून एक नवी प्रजाती व पाच नव्या जाती स्थापिल्या. नव्या प्रजातीचे नाव सरडा हेच आहे. शास्त्रीय नामावलीत एखादा मराठी शब्द इतक्या जशाच्या तसा जावा, हे साइक्स यांच्या ‘कोकरी’नंतरचे लक्षणीय उदाहरण होय. तीमधील नरांच्या गळ्यावर निळा, काळा व नारिंगी असे ठळक रंग असतात. जोडीदाराची निवड अशा रंगांवर होत असल्याने रंगातील फरक हाच संकराच्या आड येणारी भिंत बनू शकतो. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील सरडा सुपर्बा या जातीवर पवनचक्क्यांचा काय परिणाम झाला, हे मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये दाखविले. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी सु. चौपट विरळ होते, तेथे सरड्यांची दाटी वाढली होती, त्यांची भीती कमी झाली होती, ते कृश होते आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिकट होते. अन्नासाठी स्पर्धा वाढली की रंगावर खर्च करावयास शक्ती उरत नाही. अवघ्या वीस वर्षांच्या आतला हा बदल बहुधा जीनांचा नसून परिस्थितीचा आहे. पण जोडीदाराची निवड जर रंगावरच होत असेल, तर असाच दबाव शेकडो पिढ्या राहिल्यास तो जीनांपर्यंत पोहोचणारच नाही, असे म्हणता येत नाही.

माळ ही जुनी परिस्थिती आहे, की तोडलेल्या जंगलाचा अवशेष, हा वाद केवळ ग्रंथगत नाही. ब्रिटिश काळापासून गवताळ माळांना निकृष्ट झालेले अरण्य समजून त्यांवर झाडे लावण्याचे धोरण चालत आले; १९७२ च्या दुष्काळानंतर सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारख्या परदेशी झाडांची लागवड अनेक माळांवर झाली. दिग्विजय पाटील व आशिष नेर्लेकर यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. बहुसंख्य झाडे उघड्या गवताळ प्रदेशातील निघाली, आणि पश्चिम महाराष्ट्रातील माळ निदान साडेसातशे वर्षे माळच होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लाखो वर्षांचा वंश असलेला, उघड्यावर धावून शिकार करणारा लांडगा हा याच गोष्टीचा जिवंत दाखला आहे. दाट झाडीत असा प्राणी घडला नसता.

संरक्षणाच्या दृष्टीने स्थिती संमिश्र आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत लांडग्याचा समावेश आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौ. किमी. आहे. सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत १९७९ मध्ये घोषित झालेले माळढोक अभयारण्य मुळात ८,४९६ चौ. किमी.चे होते, पुढे ते सु. १,२२२ चौ. किमी.वर आणण्यात आले, आणि ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो पक्षी तेथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. लांडगे बहुतांशी अभयारण्यांबाहेर, गायरानांत व खाजगी माळांवर राहतात. तेथे त्यांना नवा धोका मोकाट कुत्र्यांचा आहे. कुत्र्यांमुळे रोग पसरतात, आणि लांडगे विरळ झाले की जोडीदार म्हणून कुत्राच मिळतो. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्या रंगाचा एक प्राणी आढळल्यावर त्याच्या जीनोमाचे परीक्षण करण्यात आले. तो लांडगा व कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लाखो वर्षांत साचलेले वेगळेपण अशा संकराने थोड्या पिढ्यांत विरून जाऊ शकते, आणि या मार्गाने नष्ट होणारा वंश मेलेल्या प्राण्यांच्या मोजणीत दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेच्या सूचीत कॅनिस ल्यूपस ही जाती एकंदरीत सुरक्षित गणली जाते, कारण उत्तर गोलार्धात तिची संख्या मोठी आहे. त्या सावलीत भारतीय लांडग्याची स्थिती झाकली जात असे. २०२५ मध्ये संघटनेने त्याचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन करून त्याला असुरक्षित वर्गात घातले. प्रौढ लांडग्यांची संख्या सु. ३,००० अंदाजिली आहे व ती जवळजवळ सर्व भारतात आहे. पुढे त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाल्यास नामकरणाच्या अग्रक्रमाच्या नियमानुसार नवे नाव शोधावे लागणार नाही. इंडिका हे नाव त्या नियमापुढे टिकत नाही. साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या लांडग्याला दिलेले कॅनिस पॅलिपीस हेच नाव पुन्हा वापरात येईल.